हरित विजेचे उद्दिष्ट केंद्राचे, सायंकाळची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. वितरण कंपन्यांनी किती वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी, हे ठरवण्याचा अधिकार २००३ च्या विद्युत कायद्याने राज्य वीज नियामक आयोगांना दिला होता. पुढे २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व राज्यांसाठी एकच तक्ता जाहीर केला : २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के. या उद्दिष्टाला माझा विरोध नाही. ४५ अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या खानदेशी माणसाला हवामानबदल वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अडचण दिवस मावळल्यावर सुरू होते. साक्रीच्या सौर प्रकल्पातील वीज उतरते त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात, कूलर तर चालूच असतात, आणि सारा भार दीपनगरसारख्या कोळशावरील केंद्रांवर येतो. रात्रपाळीच्या कृषी वाहिनीवर दाब घसरला की मोटार नुसती घुमत राहते, स्टार्टर पडतो आणि ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत पाणी पोहोचत नाही. ऐन निसवणीतल्या, म्हणजे घड बाहेर पडत असलेल्या, केळीला मे महिन्यात असा खाडा सोसत नाही. केंद्राचा तक्ता मात्र वर्षभराच्या युनिटांचा हिशेब मागतो, सायंकाळच्या या तीन-चार तासांचा नाही.

याचा अर्थ प्रत्येक राज्याने सवतासुभा मांडावा असा नव्हे. जुलै २०१२ मध्ये काही राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. डिसेंबर २०१३ मध्ये रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिडही जोडली गेल्यापासून सारा देश एकाच वारंवारितेवर चालतो; तिथे ग्रिडवरील मागणी-पुरवठ्याचा तोल सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्राचा आदेश बंधनकारकच हवा. (अमेरिकेतील टेक्सासने आपली ग्रिड बरीचशी अलग ठेवली, फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत शेजारी राज्यांकडून पुरेशी वीज आणण्याची सोयच तिच्याकडे नव्हती.)

तेव्हा ग्रिडची शिस्त केंद्राकडे राहू द्यावी. पण वीज कोणत्या उपकेंद्रावर साठवायची आणि कोणत्या तासाला सोडायची, हे राज्य आयोगाने ठरवावे. बॅटरी साठवणुकीसाठी केंद्राची व्यवहार्यता तफावत निधीची (प्रकल्प परवडावा म्हणून खर्चाचा काही भाग उचलणारी) योजना आहे. तिच्यातील राज्याच्या वाट्यातून रावेर, यावल, चोपडा, शिरपूर येथील कृषी उपकेंद्रांना किती मिळणार, हे राज्य सरकारने जाहीर करावे आणि आयोगाने त्यावरील सुनावणी जळगाव किंवा धुळ्यात घ्यावी.

– एक केळी उत्पादक, ता. यावल (जि. जळगाव)