लेखी ठरलेली किंमत ऐनवेळी बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
(भारतातील मुख्य कार्यालय)

विषय : पुण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याने कबूल केलेली सवलत न देणे आणि विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करणे

महोदय,

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. आपली पेट्रोल एसयूव्ही मी घरच्या वापरासाठी, स्वतःच्या नावावर बुक केली असून २ लाख रुपये चेकने भरले आहेत. एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स आणि विमा सोडून) ६२ लाख. बरीच घासाघीस झाल्यावर सेल्स मॅनेजरने ४ लाखांची सूट कबूल केली आणि तसा ईमेलही पाठवला. त्यात ‘एक्स-शोरूम किमतीवर ४ लाख कमी’ असं स्पष्ट लिहिलं आहे. बुकिंगचा चेक मी त्या ईमेलनंतर दिला.

डिलिव्हरीची तारीख जवळ आल्यावर जो हिशेब हातात पडला, त्यात किमतीतून फक्त २ लाख वजा होते. उरलेले २ लाख सूट म्हणून असे भरून काढले होते : ५५ हजारांच्या ॲक्सेसरीज, ८३ हजारांची वाढीव वॉरंटी आणि ६२ हजार रुपये टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर), ‘जो तुम्हाला परत मिळणारच आहे’.

या टीसीएसबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण खरा राग त्याचाच आहे. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता ग्राहकाकडून १ टक्का रक्कम घेतो आणि ती ग्राहकाच्या पॅनवर आयकर खात्यात भरतो. विवरणपत्र भरताना ती माझ्या करातून वळती होते. म्हणजे ते माझेच पैसे, माझ्याच नावावर जमा झालेले. ते सवलतीत धरायचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला? शिवाय हा १ टक्का त्यांनी पूर्ण ६२ लाखांवर लावला आहे. किंमत खरोखर ५८ लाखांवर आली असती तर टीसीएस ५८ हजार झाला असता. याचा अर्थ ठरलेली सूट इनव्हॉइसवर दाखवायचीच नाही, असं त्यांच्या कागदावरूनच दिसतं. ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी मी मागितलेलीही नव्हती.

विम्याचंही तसंच. शोरूमने २ लाख ८६ हजारांचा प्रीमियम लावला. तीच आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) आणि झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस ही तीच जादा संरक्षणं, हे सगळं धरून मला बाहेर १ लाख ९४ हजारांचं कोटेशन मिळालं आहे. सरळ ९२ हजारांचा फरक. ते दाखवल्यावर उत्तर मिळालं, ‘बाहेरचा विमा आणला तर डिस्काउंट रद्द.’ विमा कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं, विक्रेता सक्ती करू शकत नाही, हे विमा नियामकाच्या नियमांत आहे. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायला भाग पाडणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधित व्यापार प्रथेत मोडतं.

शेवटी २५ हजार रुपये ‘हँडलिंग चार्जेस’ आहेत. १३ टक्के रोड टॅक्स मी वेगळा भरतोय, मोटारीचं नोंदणी शुल्क ६०० रुपये आहे, आणि गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च किमतीत धरलेला आहे. मग हे २५ हजार कशाचे, याचं उत्तर तिथे कोणाकडेही नव्हतं. गाडी कधी बनली हे तपासायला चॅसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक) मागितला तर ‘पूर्ण पैसे भरल्यावर देऊ’. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पुढे गाडी विकताना भाव त्यावर ठरतो. गाडी कोणत्या वर्षीची हे न कळता मी साठ लाखांच्या आसपास रक्कम द्यायची, ही अपेक्षाच चूक आहे.

मी रोज कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) दरावर गिऱ्हाइकांशी बोलतो. भाव ठरेपर्यंत दोन्ही बाजूंनी ताणायचं, हे मला मान्य आहे. पण एकदा लिहून दिलेला भाव नंतर आमचा कच्चा माल म्हणजे भंगार महागलं तरी आम्ही पाळतो. आपल्यासारख्या मोठ्या नावाच्या कंपनीकडून मी यापेक्षा कमी का मान्य करावं?

माझ्या मागण्या अशा. इनव्हॉइस ५८ लाखांचं व्हावं आणि टीसीएस त्यावरच लागावा. विमा मी माझ्या पसंतीने घेईन, त्यामुळे सूट बदलू नये. हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी हिशेबातून काढावी. चॅसिस नंबर आणि निर्मितीचा महिना पैसे भरण्याआधी लेखी कळवावा. हे जमत नसेल तर बुकिंगचे २ लाख कोणतीही कपात न करता परत करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात दाद मागेन. सेल्स मॅनेजरचा ईमेल, शोरूमचा हिशेब, विम्याची दोन्ही कोटेशन्स आणि बुकिंगची पावती सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
कोल्हापूर