नव्या घरात जुनं लाकूड

नागपूर, मे महिना

प्रिय अनू,

बेसाच्या फ्लॅटचे फोटो पाहिले. उजेड किती छान आहे! पण काय वं, ती यादी? कर्ण्याचा ग्रामोफोन, काळा टेलिफोन, मर्फीचा रेडिओ, कोरीव झोपाळा, सगळं एकाच हॉलमध्ये. मग माणसांनी बसायचं कुठे?

मला विचारशील तर जुनं तेवढंच घे, जे रोज वापरशील. कपडे ठेवायचं कपाट, जेवायचं टेबल, बाबांसाठी आरामखुर्ची. बाकी भिंती मोकळ्या राहू दे. जुन्या वस्तूला आजूबाजूला जागा मिळाली तरच ती नजरेत भरते.

आणि आपण तर सागवानाच्या मुलखातले. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते आपल्या विदर्भातल्या बल्लारपूरहून. इकडे धरमपेठेतला एखादा जुना बंगला पडला की सागाची टेबलं नि चौकटी भंगाराच्या गाडीत चढतात. माझा जीव तुटतो गं.

घेताना पॉलिशला भुलू नकोस. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढ आणि उलटा कर. कोपऱ्यात हाताची बोटं एकमेकांत गुंतवल्यासारखा जोड दिसला तर काम जुन्या हाताचं. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तर तिथूनच परत फिर. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कडेचं पांढरट लाकूड मात्र ती खाते.

आत्याचं कपाट तुला आठवतं ना, महाल भागातल्या घरातलं? सध्या त्याच्या दाराच्या फळीला कडेने पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसते. या उन्हात लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं आणि रेघ पुन्हा चौकटीत शिरते. म्हणूनच जुन्या सुतारांनी फळी खाचेत सैल ठेवली. कुणी ती फट फेव्हिकॉलने बुजवायला निघालं तर हात धर त्याचा. हलायला जागा उरली नाही की फळी मधोमध तडकते. कूलरचा झोतही त्यावर येऊ देऊ नकोस.

पॉलिश चपडा लाखेचंच करून घे, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या. गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो खरा, पण तेवढाच भाग पुन्हा हाताने नीट करता येतो. पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) चकचकीत थर एकदा खरवडला गेला की अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो.

टेबलाभोवती मात्र जड खुर्च्या नकोत. इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या शोध. मायकेल थोनेट या जर्मन सुताराने 1859 मध्ये ही घडण आणली: वाफेवर वाकवलेलं लाकूड, 6 भाग, 10 स्क्रू, 2 नट. एका हाताने उचलता येते. वेताची बैठक सैल पडली असेल तर खालून गरम पाण्याचं फडकं फिरव आणि सावलीत वाळू दे, पुन्हा ताणली जाते. वेत तुटला असेल तर विणणाराच गाठावा लागेल. असे कारागीर आता मोजकेच उरलेत, तेव्हा पैशांसाठी घासाघीस करू नकोस.

रविवारी ये, आपण दोघी कपाट बघायला जाऊ. त्याआधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण टेपने मोजून आण.

तुझी,
मीनू