कंबरेला ओढणी बांध, आई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर ‘बेली डान्स’ हा शब्द निघाला आणि पलीकडे दोघंही गप्प झालात. मग आई, तू हळूच विचारलंस, “पोट उघडं टाकून?” बाबा तर काहीच बोलले नाहीत. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हा नाच नेमका काय असतो, शरीराचा कुठला भाग काय करतो, आणि आई, तुला पासष्टीत, दुखऱ्या गुडघ्यांसकट यातलं काय करता येईल, ते सगळं.

आधी नावाचं. हे नाव इजिप्तच्या लोकांनी दिलेलं नाही. फ्रेंचांनी या नाचाला ‘पोटाचा नाच’ म्हटलं, आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर इंग्रजीतलं नाव अमेरिकेत गाजलं. इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या नाचाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, लग्नात, बारशाला बायका नाचतात तो रक्स बलदी. बलदी म्हणजे आपल्या मातीतला, गावाकडचा. तिथल्या आज्या पायघोळ झगा घालून, कंबरेला एक रुमाल बांधून नाचतात. त्यात पोट कुठेच दिसत नाही.

चकचकीत चोळी आणि पट्टा हा पोशाख रंगमंचावरचा. बदिया मसाबनी या बाईंनी 1926 साली कैरोत आपलं नाचगाण्याचं थिएटर काढलं आणि घरात, अंगणात होणारा हा नाच मोठ्या स्टेजवर आणला. मोठ्या जागेत हात लांबवर न्यावे लागतात, फिरावं लागतं, म्हणून त्यात बॅलेच्या काही गोष्टी मिसळल्या. सामिया गमाल आणि तहिया कारिओका या दोघी नामवंत नर्तकी तिथेच तयार झाल्या. त्याआधी, 1834 मध्ये, इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश मुहम्मद अली याने कैरोतल्या नर्तकींवर बंदी घालून त्यांना दक्षिणेला एस्ना, केना, अस्वानकडे हाकललं होतं. लावणी करणाऱ्या बाईकडे आपल्याकडे जसं बघितलं जातं, तसंच तिथेही या नर्तकींकडे बघतात. लोकांना नाच हवा असतो आणि नाचणारी नको असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तुमच्या मनात किंतू आला याचा रागही येत नाही. तो कुठून आला ते कळतं.

आता मुद्द्याचं. पोट हलताना दिसतं खरं, पण त्याला हलवतात गुडघे आणि पावलं. एक गुडघा सरळ केला की त्या बाजूचा खुबा वर जातो, वाकवला की खाली येतो. अर्धा नाच एवढ्यावर उभा आहे. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त उभं राहायला शिकायचं, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात.

उभं असं राहायचं. पावलं समांतर, मध्ये एक वीत अंतर. वजन अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेवर, तिन्ही ठिकाणी सारखं. गुडघे किंचित सैल. बाहेरून वाकलेले दिसू नयेत, पण मागे कडक लावून ठेवलेलेही नकोत. एक तळवा ओटीपोटावर आणि एक माकडहाडावर ठेव. माकडहाड सरळ जमिनीकडे बघत असलं पाहिजे. ते मागे वर गेलं की कंबरेत खळगा पडतो आणि सगळा भार मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर येतो. नाच सुरू केल्यावर ज्यांची कंबर दुखते, त्यांचं बहुतेक वेळा हेच चुकलेलं असतं. उलट माकडहाड फार पुढे खेचलं तर मांड्या आवळतात आणि खुबा हलतच नाही. मग बरगड्या कंबरेपासून दोन बोटं वर उचलायच्या, श्वास न कोंडता. खांदे मागे आणि खाली. छाती फुगवायची नाही, फक्त मध्ये जागा करायची. त्या दोन बोटांच्या जागेतच पुढचं सगळं घडतं.

आई, हे सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून कर. ओट्याची उंची त्यासाठी अगदी बरोबर असते आणि तोल गेला तर हात तिथेच असतो. पायाखाली सतरंजी किंवा पायपुसणं नको. ते सरकतं, आणि पाऊल अडकून गुडघा वळला तर महिनाभर बसावं लागतं. बाबांना साखर असल्यामुळे त्यांनी अनवाणी काही करू नये, नीट बसणारे, न घसरणारे बूट घालावेत. तू अनवाणी चालशील, फक्त फरशी ओली नसावी. कंबरेला जुनी सुती ओढणी बांध, पण कंबरेवर नाही, खुब्याच्या हाडावर. गाठ डाव्या किंवा उजव्या बाजूला. तिची टोकं हलतात तेव्हा खुबा किती हलला ते डोळ्यांना दिसतं. नाण्यांचा पट्टा आत्ता घेऊ नकोस. तो वाजतो म्हणून हालचाल झाल्यासारखी वाटते, आणि मग माणूस चूक असलेलीच हालचाल जोरात करत राहतो.

पहिली हालचाल: खुबा वर, खाली. वजन डाव्या पायावर घे. उजवं पाऊल अर्धा फूट पुढे, टाच उचललेली, चवडा जमिनीवर. उजवा गुडघा सरळ कर, खुबा वर येईल. सैल सोड, खाली येईल. आठ वेळा उजवीकडे, आठ वेळा डावीकडे. चूक होते ती अशी, की खुब्याबरोबर त्याच बाजूचा खांदाही वर-खाली होतो. तसं झालं तर दोन्ही हात ओट्यावर सपाट ठेव. हात हलले नाहीत की खांदे आपोआप थांबतात. दुसरी चूक म्हणजे डावा गुडघा कडक होतो. उभ्या पायाचा गुडघा सैल असला तरच हलणारा पाय मोकळा राहतो.

दुसरी: आडवा आठ. जमिनीवर खुब्यांनी इंग्रजी 8 चा आकडा काढायचा, पण आडवा. उजवा खुबा तिरका पुढे, तिथून बाहेर, मग मागे, आणि मधून येत डावा पुढे. वजन त्याच्याबरोबर एका पायावरून दुसऱ्यावर जातं. दोन्ही टाचा जमिनीवरच. एक आठ पूर्ण व्हायला चार सेकंद द्यायचे. घाई केली की आठाचे कोपरे होतात आणि हालचाल झटक्यांची होते. हाच आठ उभा केला, म्हणजे खुबा वर, बाहेर, खाली, आत असा नेला, की त्याला माया म्हणतात. त्यात कंबरेच्या बाजूचे स्नायू चांगलेच कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी बरगड्यांच्या खाली ठणकलं तर घाबरू नकोस. दोन दिवसांत जातं.

तिसरी: शिमी, म्हणजे खुब्यांची भरभर थरथर. बघणाऱ्याला वाटतं, अंग हलवलं की झालं. खरं तर गुडघे आळीपाळीने जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाकतात आणि सरळ होतात, बाकी सगळं सैल सोडायचं असतं. आधी सेकंदाला एक गुडघा, अर्धा मिनिट. जमलं की दुप्पट वेग. मग त्याच्याही दुप्पट. जिथे मांड्या दगडासारख्या झाल्या, जबडा आवळला, पायाची बोटं जमीन धरू लागली किंवा श्वास थांबला, तिथून एक पायरी मागे यायचं. आवळलेल्या स्नायूतून थरथर निघत नाही, धक्के निघतात. आणि श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, म्हणून तू तोंडाने हळू आवाजात आकडे मोज. बोलत असलं की श्वास कोंडता येत नाही. आकडे मोजता येतायत पण गाणं म्हणवत नाही, इतका दम लागला तर तो मध्यम व्यायाम झाला. प्रौढांना आठवड्याला असा किमान 150 मिनिटांचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि 65 च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणं हाच तोलाचा सराव. म्हणून मला हा नाच तुझ्या वयासाठी इतका मोलाचा वाटतो.

छातीच्या सरकण्याबद्दल थोडक्यात. बरगड्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे, जणू दोन भिंतींच्या मध्ये उभी आहेस. खुबे जागेवर. हात खांद्याच्या उंचीपर्यंतच, आणि हालचाल खांद्याच्या पात्यापासून सुरू होऊन कोपर, मनगट, सगळ्यात शेवटी बोटं. मनगटापासून सुरू केली की नुसते पंजे फडफडतात. ज्यांना साखर आहे त्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा बाबांनीही हे हातांचं रोज पाच मिनिटं बसून केलं तर चांगलंच आहे.

तुझ्यासाठी काय नको तेही लिहिते. मागे कमान करणं नको. जमिनीवर बसून-उठून करायच्या हालचाली नकोत. गरगर फिरणं नको, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांवर चक्कर पटकन येते. मान झटकून केस फिरवणं तर अजिबात नको. हाडांची घनता कमी निघाली असेल तर पाठ पुढे गोल वाकवणं आणि जोराने पिळणंही टाळायचं. सांध्यात टोचलं, पायात मुंग्या उतरल्या, छातीत दाटून आलं, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ देत.

वेळ एवढाच: आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि घोटे, खांदे मोकळे करणं. तीन मिनिटं नुसतं उभं राहणं. दहा मिनिटं हालचाली; पहिले दोन आठवडे मात्र तीही उभं राहण्यातच घालवायची. दोन मिनिटं पोटऱ्या ताणून सावकाश श्वास. सहा आठवडे यात काही वाढवायचं नाही. पोट उतरेल का, असं तू विचारणारच. व्यायाम पोटाचा केला म्हणून फक्त पोटावरची चरबी जात नाही, कुठल्याच व्यायामाने जात नाही. वजन ताटावर जास्त अवलंबून असतं. पण पाठ सरळ होते, कंबर दोन्ही बाजूंना सारखी हलू लागते, जिना उतरताना पाऊल ठाम पडतं. हे सहा-आठ आठवड्यांत जाणवायला लागतं.

आत्मविश्वासाचं काय, तर तोही असाच अवयवांतून येतो, असं माझं ठाम मत आहे. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. नजर खाली गेली की ते पुढे लोंबतं, पाठ वाकते, छाती मिटते, आणि समोरच्याला ती बाई संकोचलेली दिसते. म्हणून पहिल्या दिवसापासून नजर दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर. पहिले दोन आठवडे आरसा नको. आरशात आपण आधी दोष शोधतो, आणि दोष दिसला की अंग आखडतं. तिसऱ्या आठवड्यात गोदरेजच्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहा, पण चेहऱ्याकडे किंवा पोटाकडे नको, ओढणीच्या गाठीकडे बघ. ती गाठ आडवी सरकतेय का, वर-खाली होतेय का, एवढंच. असं दर वेळी स्वतःच्या कंबरेकडे नावं न ठेवता बघता आलं, तर ते फार मोठं आहे. आपल्या घरातल्या बायकांनी स्वतःकडे असं कधी बघितलेलंच नाही. तहिया कारिओका जवळजवळ एकाच जागी उभी राहून नाचायची. जागा थोडी, हालचाल थोडी, आणि तरी सगळ्यांचे डोळे तिच्यावर. भरलेलं अंग, सुटलेलं पोट यांनी या नाचात काही अडत नाही. आठ भरीव अंगावर उलट जास्त ठसठशीत दिसतो.

बाबा, आता तुमचं काम. इजिप्तमधला तबला आपल्यासारखा जोडीचा नसतो. सुरईच्या आकाराचा एकच, मांडीवर आडवा धरून दोन्ही हातांनी वाजवतात. मध्यावरचा घुमणारा बोल डुम, काठावरचा टणक बोल टेक. सगळ्यात जास्त वाजणारा ठेका मक्सूम. केरव्यासारख्याच आठ मात्रा:

डुम टेक ऽ टेक डुम ऽ टेक ऽ

दुसऱ्या मात्रेला टेकच्या जागी डुम घेतला की बलदी:

डुम डुम ऽ टेक डुम ऽ टेक ऽ

आणि दक्षिणेकडचा सईदी, काठी घेऊन नाचतात तो:

डुम टेक ऽ डुम डुम ऽ टेक ऽ

त्या काठीच्या नाचामागे पुरुषांचा लाठीचा खेळ आहे, तहतीब. युनेस्कोने 2016 मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं. भजनी मंडळात इतकी वर्षं ठेका धरलेल्या हाताला यातलं काही अवघड नाही. फक्त मधल्या रिकाम्या मात्रा भरायच्या नाहीत. आपला हात तिथे सवयीने काहीतरी वाजवू बघतो, आणि तसं केलं की आईला खुबा खाली सोडायला जागाच उरत नाही. आठ मात्रा चार सेकंदांत, त्याहून जलद नको. डुमवर तिचा खुबा खाली येईल, टेकवर वर. वाजवायला ढोलकी काढू नका, तिच्या घुमाऱ्यात टेक हरवेल. दोन किलो पिठाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घ्या. मध्ये तळवा, काठावर बोटं.

वर्ग शोधायचा झाला तर शिकवणाऱ्या बाईंना फोनवर दोन गोष्टी विचार: सुरुवातीला अंग मोकळं करायला किती वेळ देतात, आणि गुडघा-कंबर दुखत असेल तर हालचाल कशी बदलतात. पहिल्याच दिवशी गाणं लावून अख्खा नाच बसवणार असतील तर तिकडे जाऊ नकोस. त्या आधी उभं राहायला शिकवत असतील, तर जा.

ओढणी म्हणून ती निळी बांधणीची घे, टोकांना गोंडे असलेली. गुरुवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करते. फोन ओट्यावर नको, फ्रिजवर उभा करून ठेवा, म्हणजे मला पावलांपासून खांद्यांपर्यंत सगळं दिसेल. तोवर फक्त उभं राहायचं.

तुमची,
लेक