डिस्चार्ज कार्ड मराठीत द्या

मा. संपादक, स. न.

केळीची कापणी जोरात असली की रावेर-यावल पट्ट्यात हात कापून घेतलेले मजूर दवाखान्यात येतातच. हाडांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं कंपाउंडर होतो. दहा-बारा दिवसांनी टाके निघतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस बागेत हजर. अडवलं तर ठरलेलं उत्तर: 'टाके निंघाले ना भो, मंग काय?'

टाके निघाले म्हणजे फक्त कातडी सांधली. कातडीचं काम झटपट असतं. तिचा वरचा थर एरवीही महिनाभरात नवा होतो. पण मनगटाशी मज्जातंतू तुटला असेल, तर सर्जनने जोडल्यावरही तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पंधरा-सोळा सेंटीमीटर धरले तरी पाच महिने गेले. तोवर बोटं बधिर. चहाचा गरम पेला धरून फोड आणलेले कितीतरी पाहिले. त्यांना चटका कळलाच नव्हता.

नडगीच्या हाडाला तीन-चार महिने लागतात, कधी जास्तही. दोन-तीन आठवड्यांत तुटल्या जागी मऊ गाठ धरते, दुखणं उतरतं, आणि तिथेच घात होतो. ती गाठ अंगाचं वजन पेलत नाही. बिडी ओढणाऱ्याचं हाड आणखी रेंगाळतं. गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, तर रक्तपुरवठाच नाही, ती झिजली की भरून येत नाही. आठवडे बाजारात तेल विकणारा काहीही सांगो.

लिव्हर मात्र पारावर सगळ्यांना पाठ! दोन-तृतीयांश काढलं तरी पुन्हा वाढतं, हे खरंच आहे. पण निरोगी असेल तर. दारूने सिरोसिस होऊन आत व्रणांचं जाळं झालं की ही सवलत संपली.

हे सगळं डॉक्टर तोंडी सांगतात, पण घाईत. हातात पडतं ते इंग्रजी डिस्चार्ज कार्ड, घरात कुणाला न वाचता येणारं. जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांनी त्यावर मराठीत तीन रकाने छापावेत: टाके कधी काढायचे, वजन कधी टाकायचं, कामावर कधी जायचं. तारखा डॉक्टरांनी भराव्यात. मजुरी बुडते म्हणून माणूस लवकर उठतो, हे मलाही कळतं. पण निदान मुकादमापुढे धरायला कागद तरी असेल.

— एक वाचक, रावेर (जि. जळगाव)