पणजीच्या चौकटीत काय लिहायचं

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वंशावळ पाहिली. पुरुषांच्या आठ पिढ्या पक्क्या झाल्या, ते श्रेय तुझ्या काकाचं. 2023 साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली, तेव्हा त्यानं तहसीलमध्ये बसून जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, उलथीपालथी केली. पण जातीच्या दाखल्याला बापाकडचीच साखळी लागते. म्हणून पणजीच्या चौकटीत तू 'लक्ष्मीबाई' एवढंच लिहिलंस आणि पुढं प्रश्नचिन्ह. आयुष्य तलाठ्याच्या दप्तरात गेलेल्या माणसाला ते बघवेना.

साध्या खेड्यातल्या बाईचं नाव दप्तरात येतं दोनदा: नवरा मेल्यावर, नाहीतर बाप मेल्यावर. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं आणि पुढं नुसतं 'मुलगी', कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. त्यामुळे मी जन्माच्या मागं लागलो नाही, आधी आपल्या गावचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, काढला. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात गेलं. आपली नोंद त्याआधीची, म्हणजे मोडीतली. मला मोडी येत नाही. एका जाणकारांकडून वाचून घेतली (सध्या मोडीवाल्यांना काय भाव आलाय म्हणून सांगू!). 1938 साल. खातेदार मयत, वारस दोन मुलगे, दोघेही अज्ञान (वयानं लहान), अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, आई लक्ष्मीबाई. तुझी आत्याआजी तेव्हा अंगावर पीत होती, तिचा उल्लेखही नाही. पुढं मुलं सज्ञान झाली, अ.पा.क.चा शेरा कमी झाला आणि त्याबरोबर पणजीही सातबाऱ्यावरून उतरली. मधली सगळी वर्षं सारा तिनंच भरला होता.

माहेरासाठी मात्र कागद उपयोगाचा नाही. आत्याला विचारलं की ती म्हणते, 'निपाणीकडं कुठंतरी.' पणजी गेली आणि त्या वाटेवरचं येणंजाणंच मोडलं. मग मी प्रश्न फिरवला. म्हटलं, 1971 ला म्हातारी गेली तेव्हा माहेरचं लुगडं कुणी आणलं? लगेच बोलली. भाचा आला होता, एका डोळ्यात फूल पडलेला. त्याची एसटी चुकली, म्हणून ऊन उतरेपर्यंत मढं दारात ठेवलं होतं. लुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून काखोटीला मारलेलं, आणि ते अंगावर घातल्याशिवाय उचलू द्यायचं नाही म्हणून आत्या अडून बसलेली. हे सगळं सांगता सांगता 'अक्कोळचा' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघून गेला, तिलाच कळलं नाही.

आता अक्कोळ. हा निपाणीचा पट्टा बेळगाव जिल्ह्यातला, 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेला. तिथला उतारा कानडीत, तोही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. इथं आपलं नशीब असं की पणजीचा बाप दीर्घायुषी निघाला. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. त्याआधी म्हातारा गेला असता तर जमीन मुलग्यांच्या नावे झाली असती आणि मुलींना कुणी विचारलंही नसतं. तो गेला 1958 ला. म्हणून नोंदीत दोन मुलगे आहेत आणि दोन मुली आहेत. थोरली मुलगी तानुबाई, सासरचं नाव लक्ष्मीबाई, पुढं माझ्या आजोबांचं नाव आणि आपलं गाव. दोन्ही मुलींनी हक्क सोडला. खाली डाव्या हाताचे अंगठे.

म्हणजे बापानं ठेवलेलं नाव कागदावर आलं ते वाटा सोडायला. अशा नोंदी मीही नोकरीत लिहिल्यात. बहिणी सोप्यात बसायच्या, चहा व्हायचा, आणि भाऊ म्हणायचा, 'आक्का, हितं आंगठा लाव.' कुणी भांडलेलं मला आठवत नाही. नाही म्हटलं तर दिवाळीचं बोलावणं बंद होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. लोक त्याला बहिणीची माया म्हणतात. म्हणोत.

जन्मसाल मिळालं नाही. मानमोडीच्या साथीत, म्हणजे 1918 ला, तिची आई गेली तेव्हा ती परकरात होती. आणि शाहू महाराज गेले त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, असं ती सांगायची. महाराज गेले 6 मे 1922 ला. त्यावरून जन्म 1908 ते 1910 च्या दरम्यान धर, आणि 'सुमारे' हा शब्द गाळू नकोस.

विधवा झाल्यावर ती तंबाखूच्या हंगामात निपाणीला जायची, भावाकडं राहून वखारीत तंबाखू चाळायला. तोंडाला फडकं बांधायचं तरी घरी आल्यावर ठसका महिनाभर जात नसे. पोरं जावेकडं असायची. आत्याला ते दिवस आवडत नाहीत, तिथं ती विषय बदलते, म्हणून मीही जास्त खोदलं नाही. पण माझा अंदाज, सारा त्याच पैशातून भरला जायचा. हे चौकटीत बसणार नाही, तरी कुठंतरी लिहून ठेव.

सुगी झाली की हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, बैल घेऊन येईल, त्यालाही विचारीन. आपल्या पुरुषांची नावं तो घडाघडा म्हणतो, सुना आल्या की अडखळतो.

दिवाळीत आलीस की आत्याकडं जाऊ. सकाळीच जायचं, दुपारी तिला ऐकू कमी येतं. मोबाइल समोर धरला तर ती गप्प होते, तेव्हा उशाशी ठेवून रेकॉर्ड कर. आणि त्या भाच्याच्या नातवाचा नंबर मिळालाय, त्याला फोन तूच कर. मी केला तर त्याला वाटलं, म्हातारा वाटा मागायला आलाय.

तुझे,
बाबा