मास्तर, आधी श्वास सोड

छत्रपती संभाजीनगर
मे महिन्यातला रविवार

प्रिय मास्तर,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याच्या निमित्तानं का होईना, पंचेचाळिशीत लातूरच्या तलावात पोहायला उतरलास, झकास केलंस. पण एक लॅप होईस्तोवर तुझा जीव जातो आणि शेजारच्या लेनमधली तुझ्याच वर्गातली पोरं बघून हसतात, हे वाचून मला लई हसू आलं. त्यावर तुझा इलाज काय, तर दम वाढवायला सकाळी पळायचं! गुडघ्यासाठी पोहायचं आणि पोहण्यासाठी पळायचं? पळू नकोस गड्या. दम तुझ्याकडं आहे, तू तो कोंडून ठेवतोस.

तोंड पाण्यात गेलं की नवखा माणूस श्वास धरून ठेवतो. मग तोंड बाहेर आल्यावर आतला सोडायचा आणि नवा घ्यायचा, ही दोन्ही कामं अर्ध्या क्षणात उरकायची असतात. ती उरकत नाहीत. छातीत जी घुसमट होते, ती मुख्यतः आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं. ऑक्सिजन तेव्हा बराच शिल्लक असतो. म्हणून तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून सलग बुडबुडे सोडत राहा, बाहेर आल्यावर फक्त आत घे. आमचा कोच नव्या माणसाला आधी दुसरं काही करूच देत नाही. सकाळी उथळ बाजूला बघावं तर तलाठी, बँकवाले, एक निवृत्त फौजदार, सगळे कठडा धरून गुडगुड करत ओळीनं उभे! फौजदारसाहेब तर बुडबुडे संपले की वर येऊन मिशी पुसतात आणि पुन्हा खाली. तूही हेच कर. कंटाळा येईल, येऊ दे.

दुसरं डोक्याचं. आपल्या गावात हिरीत पोरं पाठीला डबा बांधून शिकली. तू काठावर आमचे कपडे राखत बसायचास, तरी पोहणं म्हणजे काय हे तू तिथंच पाहिलंस: मान ताठ, डोकं वर. हिरीत ते बरोबरच होतं. वरून कोण अंगावर मुटका मारतोय ते बघावं लागायचं, चार हात मारले की पायरी यायची. 25 मीटर सरळ जायचं कुणाला होतं? तलावात मात्र डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरपं होतं आणि आडवं पाणी ढकलत बसावं लागतं. पाणी हवेच्या साधारण 800 पट दाट असतं, मास्तर. तू हे पोरांना शिकवतोस. तेव्हा नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेव. श्वासाला डोकं उचलायचं नाही, खांद्यासकट अंग कुशीवर वळवायचं. गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे, म्हणजे जमलं समज.

पायांचं थोडक्यात सांगतो. सायकल मारू नकोस. पाय कमरेतून, बारीक, घोटे सैल. मांडीचे स्नायू मोठे, जोरात पाय मारलेस की तेच सगळा ऑक्सिजन खातात. पाय वर तरंगत राहिले तरी पुष्कळ झालं.

हात मात्र मोजत जा. एका लॅपला किती लागले ते बघ आणि त्यातले दोन-तीन कमी करता येतात का बघ. हात खांद्याच्या सरळ रेषेत पुढं घाल, डोक्यासमोर आडवा नको. आणि लगेच खाली दाबू नकोस, जरा लांबव. अलेक्झांडर पोपोवचे जुने व्हिडिओ बघ. 1992 आणि 1996 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये 50 आणि 100 मीटर फ्रीस्टाइलची सुवर्णपदकं त्याचीच, पण हाताला घाई म्हणून दिसत नाही. आणि प्रत्येक लॅपनंतर खुशाल थांब. थांबायची लाज तुमच्या शाळेतल्या पोरांनाच वाटू दे. रविवारी एकदम तासभर दमण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा अर्धा तास बरा.

काकू म्हणतात, "लातुरात पाण्यात खेळता, लाज नाही वाटत?" त्यांना हसू नकोस. तलाव 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, असा हिशोब केला तर साडेचार लाख लिटर होतात. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात, एवढं त्यांना सांग. पण तसं साल पुन्हा आलं तर तलाव बंदच ठेवावा, असं माझं मत आहे.

शाळा उघडायच्या आधी एक चक्कर टाक. सहाच्या बॅचला गर्दी नसते, शेजारच्या लेनमधून मी तुझं डोकं बघतो. आणि चष्म्याचा नंबर कळव. नंबरचे गॉगल मिळतात, घेऊन ठेवतो. तळाची पट्टीच दिसत नसेल तर बघणार काय?

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच,
वकील