ताई, मुंबईच्या दाराशी वगारींचा एक बाजार द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

ताई, नमस्कार.

मी जोगेश्वरीला राहतो, बारा वर्षं झाली दुधाचा टेम्पो चालवतोय. पहाटे अडीचला उठायचं, गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतून कॅन भरायचे आणि उजाडायच्या आत दादर-परळच्या डेअऱ्यांवर उतरवायचे. गाव मुरबाड तालुक्यात, तिकडे आई आणि धाकटा भाऊ, दीड एकर भात आणि एक गोठा. पत्र लिहायची सवय नाही मला, पण गेली तीन वर्षं जे भोगलं ते तुमच्या कानावर घालायचंच असं ठरवलंय, म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी आणि भावाने मिळून गुजरातमधल्या मेहसाण्याकडच्या एका गावातून सहा वगारी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या म्हशी, आणल्या. दोन-दोन वर्षांच्या, मेहसाणी जातीच्या, एकीला अडतीस हजार पडले. हिशोब साधा होता. मुंबईच्या तबेल्याला सतत व्यालेली म्हैस लागते, ती येते हरियाणातून नाहीतर गुजरातमधून, लाख-सव्वालाख मोजून, आणि मधला पैसा सगळा दलालाच्या खिशात. मग लहान वगार आपण आणावी, मुरबाडला भाताच्या पेंढ्यावर आणि हिरव्या चाऱ्यावर वाढवावी, गाभण करावी आणि व्याली की नव्वद किलोमीटरवरच्या तबेल्याला द्यावी. तबेलेवाल्याला हाकेच्या अंतरावर माल, आमच्या पोरांना गावात काम. यात चुकीचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

बॉर्डरचं आधी सांगतो. आम्ही सगळं नियमाने केलं होतं. ट्रकमध्ये सहाच जनावरं, कारण १९७८ च्या वाहतूक नियमात सहाच्या वर चालत नाहीत, प्रत्येकीला दोन चौरस मीटर जागा, मध्ये पार्टिशन, खाली भाताचा तूस, बरोबर पाण्याचा ड्रम आणि सांभाळायला माणूस. तिथल्या सरकारी डॉक्टरचा दाखला होता, खरेदीची पावती होती, कानात टॅग होते. भिलाड ओलांडून आपल्या हद्दीत आलो आणि तलासरीच्या पुढे रात्री पाऊणला आठ-दहा पोरांनी मोटारसायकली आडव्या घातल्या. कत्तलीला नेताय म्हणाले. मी हात जोडून सांगितलं की बाबांनो ह्या वगारी आहेत, दुधाला वाढवायच्यात, म्हैस तर तुमच्या त्या गोवंश हत्याबंदीत येतपण नाही. ऐकतंय कोण. गाडी चौकीवर नेली. चौकीवरचे साहेब तसे वाईट नव्हते, पण दाखला गुजरातीत भरलेला आणि तिथे एकालाही गुजराती वाचता येईना, म्हणून सकाळी डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणाले.

नऊ तास गाडी उभी होती ताई. पहाटे तीनला मी बादलीने पाणी पाजत होतो, शेवटची जी वगार होती ती खाली बसली होती आणि उठायच्या धडपडीत तिचा गुडघा फळीच्या खिळ्यावर घासून सोलला होता, टॉर्चच्या उजेडात आतलं पांढरं दिसत होतं. ती पाणी पीत नव्हती, नुसती बादलीच्या काठाला जीभ लावून माझ्याकडे बघत होती. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी मोबाईलमध्ये कानातल्या टॅगचे बारा आकडे टाकले आणि दहा मिनिटांत म्हणाले, सगळं बरोबर आहे, जाऊ द्या. दहा मिनिटांचं काम. तेच रात्री कोणी केलं असतं तर गुडघा वाचला असता. ती वगार पुढे लंगडतच राहिली आणि पहिल्या पावसात गेली.

तर दाखल्याचा फॉर्म दोन्ही भाषांत छापा, त्यावर टॅगचे नंबर ठळक घाला, आणि हायवेवरच्या चौक्यांना ते नंबर तपासायला शिकवा. टॅगशिवाय खरेदी-विक्री नाही हा नियम आपल्या सरकारने २०२४ मध्ये केला, चांगलाच केला, मग ज्याच्या जनावराला टॅग आहे त्याला त्याचा रस्त्यात उपयोग व्हायला नको का?

पण खरी अडचण रस्त्याची नाही, विकायची आहे. रस्त्यात एक रात्र गेली, विकण्यात वर्ष गेलं.

पाच राहिल्या, त्यातल्या चार गाभण राहिल्या आणि दहा महिने दहा दिवस भरून यथावकाश व्याल्या. पहिली व्याली तेव्हा आईने चीक सगळ्या आळीत वाटला. घरी ती दोन्ही वेळचं मिळून नऊ लिटर देत होती, पहिलारू म्हैस म्हणजे उत्तमच. एका तबेल्यात बोलणी केली, एक लाख दहा हजार ठरले, अट एकच की तीन धारा काढून दाखवायच्या. अट रास्त आहे, मी त्याला दोष देत नाही, लाख रुपये घालताना कोणीही बघून घेणार. पण पहिल्या वेताची म्हैस, टेम्पोत तीन तास उभी राहून आलेली, नवा गोठा, शंभर अनोळखी म्हशी, परका माणूस कासेला हात लावतोय, तिने पान्हा चोरला. पहिल्या धारेला लिटरभर, दुसऱ्याला दीड. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो, भावाने तिचं पारडू पुढे आणलं, तरी नाही. तिसरी धार काढायच्या आधीच शेठ म्हणाले सत्तर हजारांत सोडायची असेल तर सोड. आम्ही परत घेऊन आलो. घरी येऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा नेहमीसारखी भरभरून द्यायला लागली, भाऊ चरवी बाजूला ठेवून रडायला लागला.

दुसरी दलालामार्फत दिली, दहा हप्ते ठरले होते, सहा मिळाले, नंतर फोन लागेना. उरलेल्या दोघी आजूबाजूच्या गावात मिळेल त्या भावाला गेल्या. आणि जी पाचवी फळली नाही तिच्यासाठी मुंबईत ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच पत्ता सांगितला, देवनार. वजनावर भाव मिळेल म्हणे. ताई, एवढ्या मोठ्या मुंबईत जनावराचा सरकारी बाजार म्हणून माणसाला देवनार सोडून दुसरं नावच आठवत नाही. कापायला जनावर विकायची जागा १९७१ पासून आहे, पाळायला विकायची जागा नाही. घोडेगावचा म्हशींचा बाजार अहिल्यानगर जिल्ह्यात, आमच्या मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत गुरं भरतात पण ती पौषात, वर्षातून एकदा. व्यालेली म्हैस पौषाची वाट बघत बसत नाही.

आता जे सांगतो ते मी रोज बघतो म्हणून सांगतो. तबेल्यात म्हैस येते ती पोटाशी पारडू घेऊन. मुंबईत म्हशीचं दूध लिटरला शंभरच्या आसपास, पारडू दिवसाला दोन-अडीच लिटर पिणार, म्हणजे शेठच्या हिशोबात ते रोजचे दोन-अडीचशे रुपये पितंय. मग त्याला पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू देतात आणि ओढून बाजूला बांधतात. काही आठवड्यांत ते संपतं. पहाटे कॅन भरताना गेटच्या कडेला मला ती दिसतात. नर रेडकांचं जाऊ द्या म्हणतील लोक, पण त्यात पारड्याही असतात, मुऱ्हा म्हशीच्या, जातिवंत, ज्यांची आई बारा-पंधरा लिटर देते. त्या मरू द्यायच्या आणि मी तसलीच वगार विकत आणायला सहाशे किलोमीटरवर जायचं, रात्रभर चौकीवर उभं राहायचं! हे मला रोज पहाटे टोचतं.

दोन वर्षांपूर्वी एका तबेल्यातून मी अशी एक पारडी दीड हजाराला मागून घेतली. सुतळीने बांधली होती, नाक कोरडं पडलेलं, भिंतीचा चुना चाटत होती. टेम्पोत कॅनच्या मध्ये गोणपाटावर घालून गावाला नेली, भावाने मिल्क रिप्लेसर, म्हणजे दुधाच्या जागी द्यायची पावडर, पाजलं, आई रात्री दोनदा उठून बघायची. आई तिला मुंबईवाली म्हणते. आज ती मेहसाण्याहून आणलेल्या कुठल्याही वगारीच्या तोडीस तोड आहे.

म्हणून मुख्य मागणी एकच आहे, आठवड्याचा बाजार. जागा मी सुचवतो, पालघर जिल्ह्यातलं दापचरी. मुंबईचे तबेले तिकडे न्यायचे म्हणून सरकारने तिथे दुग्धप्रकल्प केला, आदिवासींच्या जमिनी घेतल्या, कुर्झ्याचं धरण बांधलं, आणि तबेले काही मुंबईतून हलले नाहीत. जमीन आहे, पाणी आहे, हायवे दाराशी, गुजरातची हद्द जवळ. २०१७ मध्ये केंद्राने नियम आणले होते की राज्याच्या हद्दीपासून पंचवीस किलोमीटरच्या आत जनावरांचा बाजार नको, त्या नियमांतल्या कत्तलीसाठी विकायला बंदी घालणाऱ्या कलमांना मद्रास हायकोर्टाने स्थगिती दिली आणि सुप्रीम कोर्टाने ती देशभर लागू ठेवली. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, बाजार हद्दीजवळच पाहिजे. तिथे डॉक्टर बसला, टॅग तपासला, मराठीत दाखला मिळाला की पुढे मुंबईपर्यंत कोणाला गाडी अडवायचं कारणच उरत नाही.

आणि त्या बाजारात दोन गोष्टी असाव्यात. एक, म्हैस दोन दिवस मुक्कामाला राहील असा गोठा, आणि धारेची सरकारी नोंद. जनावर शांत झाल्यावर चार धारा मापून कागदावर लिहा, खाली खात्याच्या माणसाची सही. मग शेठलाही फसल्यासारखं वाटणार नाही आणि आमचाही भाव एका भेदरलेल्या धारेवर पडणार नाही. दुसरं, पारड्यांसाठी वेगळी दावण. तबेलेवाल्याने चीक पाजलेली, टॅग मारलेली पारडी आणून द्यावी, त्याला तिचे दोन-तीन हजार मिळावेत, आणि मुरबाड, शहापूर, वाडा, जव्हारच्या बचत गटांनी ती वाढवायला न्यावी. पैसे मिळणार म्हटल्यावर तोच शेठ पारडी जगवेल, मी ओळखतो त्यांना, दगडाच्या काळजाची माणसं नाहीत ती.

पशुसंवर्धनाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय २०२५ मध्ये झाला तेव्हा आमच्या गावात लोकांनी बातमी एकमेकांना पाठवली होती. शेतीमालाला मार्केट यार्ड असतं, आम्हालापण असावं एवढंच.

मुंबईवाली आता गाभण आहे, माघात वीणार. तिला आम्ही विकणार नाही, पण तिच्यासारख्या अजून चार आणायच्या की नाही हे माघाच्या आत ठरवायचंय. दोन भाषांतला दाखल्याचा नमुना आणि धारेच्या नोंदीचा तक्ता मी भाचीकडून टाईप करून घेतलाय. दुपारी दोननंतर माझी गाडी रिकामी असते. मंत्रालयात कुठल्या मजल्यावर, कुणाच्या टेबलावर आणून देऊ तेवढं कळवा.

आपला,
एक दूध टेम्पोवाला, जोगेश्वरी